आधी शाल, मग मखर

तुमच्या दारासमोरचं चपलांचं रॅक हलवा, असं कुणी वर्षानुवर्षं सांगत राहिलं, तर तुम्ही रॅक हलवाल की त्या माणसाचा सत्कार कराल?

सिंगापुरातल्या आमच्या चोआ चू कांगच्या ब्लॉकमधल्या सुशिक्षित मराठी मंडळींनी सत्कार केला. सत्कार सोपा असतो. त्यात रॅक हलवावं लागत नाही.

सत्कारमूर्ती आमच्याच मजल्यावरचे काका. मूळचे नागपूरचे, पेशाने इंजिनिअर आणि रविवारी अग्निशमन केंद्रातले स्वयंसेवक. मला अक्षरओळख झाली त्याच्याही आधीपासून ते दर रविवारी बूट घालून आग विझवायला जात. काकू दारातून म्हणायच्या, "आधी आपल्या घरातला गॅस बंद केलात का बघा, मग सिंगापूर वाचवा." काका परत फिरून गॅस बघायचे. बहुतेकदा तो चालूच असायचा.

आमच्या ब्लॉकच्या मराठी मंडळाला काकांचा भारी अभिमान होता. "आपला मराठी माणूस फायर ब्रिगेडमध्ये आहे," हे पाहुण्यांना सांगायला सगळे पुढे असत. तो मराठी माणूस काय सांगतो, हे ऐकायला मात्र कुणाला सवड नसे. तो सांगायचा एकच गोष्ट: कॉरिडॉर मोकळा ठेवा. कारण कॉरिडॉरच्या टोकाला, जिन्याजवळच्या फ्लॅटमध्ये, एक चिनी आजी व्हीलचेअरवर राहत होती. लिफ्ट दुसऱ्या टोकाला. मध्ये आमची संस्कृती: चपलांची रॅक, तुळशीच्या कुंड्या, मुलांच्या सायकली. आजीला फिरायला न्यायचं तर तिची मदतनीस बाई प्रत्येक दारापाशी थांबून रॅक सरकवायची, खुर्ची पुढे न्यायची आणि रॅक पुन्हा जागेवर ठेवायची. एवढं सौजन्य आमच्यापैकी कुणी तिला दाखवल्याचं मला आठवत नाही.

आणि जिन्याच्या दाराआड होतं मंडळाचं गणपतीचं मखर. थर्माकोलचं, सोनेरी, खांब आणि कमानीसकट. कुणाच्याच फ्लॅटमध्ये मावत नव्हतं आणि टाकवत नव्हतं, म्हणून वर्षभर जिन्यात.

"हे पेटलं तर काळा धूर होईल," काका मंडळाच्या सेक्रेटरींना म्हणाले. "आजीला जिन्याने उतरवायचं कसं?"

"काका, बाप्पाचं मखर आहे. त्याला काही होत नाही."

"बाप्पाला काही होत नाही रे. तो दीड दिवसात निघून जातो. आम्ही इथेच राहतो."

सगळे हसले. काका फार विनोदी, असं ठरलं. मखर राहिलं.

सार्सची साथ ओसरली त्यानंतरच्या एका दिवाळीत आमच्या मजल्यावर एक चूक झाली, आणि ती आपलीच माणसं करू शकतात. एका वहिनींनी दारात सुरेख रांगोळी काढली. पणत्यांना जमिनीवर जागा उरली नाही. मग पणत्या कुठे? चपलांच्या रॅकवर. रांगोळी मोडू नये एवढी काळजी घेतली होती. रबरी चपलांची कुणी घेतली नव्हती.

संध्याकाळी रॅक पेटलं आणि कॉरिडॉर धुराने भरला. आम्ही बादल्या घेऊन धावलो. लिफ्टची वाट बंद झाली, म्हणून आजीच्या मदतनीस बाईने खुर्ची जिन्याकडे वळवली. खुर्ची मखराच्या कमानीत अडकली. पुढे जाईना, मागे येईना. आजी तिच्या भाषेत ओरडत होती. ते समजायला भाषा यावी लागत नव्हती.

काका सणाचे म्हणून घरी होते. नव्या सदऱ्यातच आले. आजीला पाठीवर घेतलं आणि मखर तुडवत उतरायला लागले. थर्माकोलवर पाय घसरला. आजीला त्यांनी सोडलं नाही, त्यामुळे सगळा भार एका गुडघ्यावर आला.

आजी वाचली. आग विझली. काकांचा गुडघा पुन्हा पूर्ण वाकला नाही, आणि त्यांचा रविवार संपला. बूट काकूंनी पुसून आत ठेवले. त्या दिवसानंतर त्यांनी गॅसचा टोमणा मारलेला मी ऐकला नाही.

मग सत्कार. खालच्या व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीच्या तळाशी असते त्या मोकळ्या जागेत, खुर्च्या मांडल्या, भाषणं झाली. एका वक्त्याने काकांच्या त्यागावर इतका वेळ घेतला की काका काठीवर भार टाकून उभे राहून थकले. आणि त्यांच्या मागे सजावट कसली होती? तेच मखर. काकांच्या पायाने पडलेलं भोक झेंडूच्या माळेने झाकलेलं.

अध्यक्षांनी शाल उलगडली. काका म्हणाले, "शाल नंतर. आधी हे वर जिन्यात जाणार नाही असं सांगा."

"काका, आज तरी नको ना," अध्यक्ष हळूच म्हणाले. "फोटोवाला थांबलाय."

"आजीही थांबलीय. वर."

टाळ्या पडल्या. हो, टाळ्या! शाल खांद्यावर आली, नारळ हातात आला, फोटो निघाला. त्यानंतर चार तरुणांनी मखर उचललं आणि लिफ्टने वर नेलं, जिन्यात ठेवायला. तेवढ्यापुरती वाट मिळावी म्हणून त्यांनी दारांसमोरची रॅक बाजूला केली. म्हणजे रॅक हलत होती. मखरासाठी हलत होती.

काका आता नाहीत. मंडळ त्यांच्यावर स्मरणिका काढतंय आणि माझ्याकडे दोन गोड शब्द मागितलेत. गोड शब्दांवर वाढण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती. बाबा नागपूरहून कपड्यांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त आणायचे, आणि प्रत्येक पत्रकाच्या शेवटी वाचणाऱ्याला काहीतरी काम सांगितलेलं असायचं. मीही सांगते.

काकांवर कविता पाठवू नका. त्यांच्या फोटोला हार घालू नका. हे वाचून झाल्यावर दार उघडा. तुमच्या मजल्यावर चालता न येणारं कोण राहतं, ते शोधा. त्यांच्या दारापासून जिन्यापर्यंत चालत जा, आणि वाटेत तुमचं जे काही असेल ते आजच आत घ्या. आत मावत नसेल तर टाकून द्या. देवाचं असलं तरी.