आईच्या डोक्याचं तेल

आई पोटाच्या आजाराने गेली नाही. हे आधी लिहितो.

"पोटाचंच परत उठलं काय रे?" असं फोनवर ज्यांनी विचारलं, त्या सगळ्यांना सांगतो. नाही. हार्ट.
दुपारी सोलकढी पिऊन पडवीत आडवी झाली, ती उठलीच नाही.

चार वर्षांपूर्वी स्कॅनमध्ये तिच्या आतड्याच्या भिंतीत हवेचे फुगे दिसले होते. दुर्मीळ आजार. नाव मी पाठ केलं, तिला कधी सांगितलं नाही.

गोव्याचे डॉक्टर म्हणाले, "आधी ऑक्सिजन देऊन बघू. बंद चेंबरमध्ये, जास्त दाबाने. फुगे जिरले तर ठीक, नाहीतर आतडं कापावं लागेल."

पाणबुड्यांना त्रास झाला की ठेवतात, तसलंच चेंबर.
आई म्हणाली, "मी काय हंय स्कूबा करूक इलंय?"

नियम मी तिला वाचून दाखवले होते. मोबाईल नको, नायलॉनची साडी नको, डोक्याला तेल नको.

पहिल्याच दिवशी तिथल्या सिस्टरने तिच्या केसांवरून हात फिरवला.
"मावशी, तेल?"
"वायच लावलंय."
"वायच काय, थोडंसुद्धा चालत नाही. ऑक्सिजनमध्ये पेट घेतं. आज आत नाही घेता येणार."

भाड्याच्या रूमवर येऊन मी चिडलो. ती माझ्यावर दुप्पट.
"सुतकात फिरतत तशी कोरड्या डोक्यान फिरू? माजा कोण मेला हा? चल, घराक जाऊया."

आणि खरंच बॅग भरायला लागली.
घरी गेलो असतो, तर पुढे ऑपरेशनच होतं.

मी नळाखाली डोकं घातलं आणि साबणाने माझंच तेल धुऊन काढलं.
"आता दोघांका सुतक," म्हटलं.

ती हसली.
"खुळो मेलो. सरक, माका पण धुवूक दी."

सगळा कोर्स होईपर्यंत आम्ही दोघं कोरड्या डोक्याने हिंडलो. ती आत, मी काचेबाहेर.

शेवटच्या स्कॅनमध्ये फुगे नव्हते. "नक्की ना?" मी डॉक्टरांना परत परत विचारलं. नक्की.

धामापूरला घरी पोचल्यावर तिने पहिलं खोबरेल काढलं. आधी माझं डोकं, मग तिचं.

त्यानंतर ती मनासारखं जेवली. पोट धरून बसलेली मला परत कधी दिसली नाही. रडू येतं, पण हे आठवलं की छाती हलकी होते.

काल बारावं झालं. आज सुतक सुटलं.
सकाळी तिचीच बाटली घेतली. तळाशी थोडं होतं.

गे आये, लावलंय तेल. वायच.
नीज आता बरी.