माणसं सांभाळायची डिग्री

कॉलेजात वर्षानुवर्षं काढली की मास्तराकडे दोनच गोष्टी साठतात. जुन्या प्रश्नपत्रिका आणि किस्से! प्रश्नपत्रिका दिवाळीच्या आधी रद्दीवाला घेऊन जातो. किस्से तो नेत नाही. मग कोणी चहाला बसलं रे बसलं की ते बाहेर पडतात. परवा एका जुन्या मित्रानं विचारलं, "तू नक्की शिकवतोस तरी काय रे?" म्हटलं, बस. आता सुटका नाही तुझी.

मी कर्जतच्या एका कॉलेजात बीएमएसच्या पोरांना एचआर शिकवतो. बीएमएस म्हणजे बारावीनंतरची तीन वर्षांची मॅनेजमेंटची डिग्री आणि एचआर म्हणजे त्यातला माणसांचा विषय. माणसं नेमायची कशी, टिकवायची कशी, काढायची कशी, वगैरे. आमचं डिपार्टमेंट म्हणजे मी, आमच्या हेड गुप्ते मॅडम आणि एक प्रिंटर. तिघांपैकी कोण कधी बंद पडेल याचा नेम नाही.

दर वर्षी पहिल्या तासाला मी विचारतो, "मॅनेजमेंटच का घेतलंत?" कोणी 'लीडरशिप' म्हणतं, कोणी 'स्टार्टअप' म्हणतं. एका वर्षी कशेळ्याकडचा रोशन उभा राहिला. शर्टाची बाही नीट केली आणि शांतपणे म्हणाला,

"सर, कॉमर्सच्या फॉर्मची लाईन लय लांब होती."

बाकीच्या पन्नास पोरांनी माना डोलावल्या. मी हजेरीपत्रक उघडलं.

* * *

त्याच बॅचला वैशाली ठोंबरे आली. खालापूरच्या आतल्या एका गावातली. अंगानं बारीक आणि आवाज त्याहून बारीक. ॲडमिशनला वडील बरोबर होते. ठोंबरे म्हणजे भातशेतीवाला गडी, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. खुर्चीत टेकले न टेकले तोच त्यांनी विचारलं,

"शिकवनार काय हिला?"

"माणसं सांभाळायला," मी म्हटलं.

"आन त्याला तीन वर्सं?"

"हो."

"माज्या आयनं एका चुलीवर अठरा मानसं सांबाळली. शाळंचं तोंड नाय बगितलं तिनं!"

गुप्ते मॅडमनी चष्मा काढून पुसायला घेतला. बोलायला काही सुचलं नाही की त्या चष्मा पुसतात. मग ठोंबऱ्यांनी आमच्यासमोरच अट घातली. तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपायच्या आत नोकरी लागली तर पोरगी नोकरी करेल. नाही लागली तर येईल त्या चांगल्या स्थळाला हो म्हणायचं, मग रडायचं नाही.

वैशाली खाली मान घालून बसली होती. मला राहवलं नाही. "तुला मान्य आहे का गं?"

"ते एकच वर्स देत होते सर," ती म्हणाली. "तीन मी मागून घेतलीत."

वाटाघाटी हा धडा आमच्याकडे चौथ्या सेमिस्टरला आहे.

* * *

दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट असतो. रोशननं विषय घेतला 'कर्मचाऱ्यांचे समाधान'. कर्जतच्या आसपास फार्महाउसांना काही कमी नाही. त्यानं मामाच्या ओळखीचं एक मोठं फार्महाउस गाठलं. माळी, स्वयंपाकी, वॉचमन असे तीस जण कामाला. वीस प्रश्नांचा फॉर्म, एक ते पाच गुण द्यायचे.

तीस फॉर्म आले. तीसही फॉर्मांवर एकच अक्षर, एकच निळं पेन आणि सगळीकडे चार गुण.

"रोशन, हे काय रे?"

"सर, मी आधी सगळ्यांना गोळा केलं. विचारलं, तुमचं म्हणणं काय? सगळ्यांचं एकच म्हणणं निघालं. मग म्हटलं, कशाला तीस जणांचा टाईम खायचा? माळीबुवांचं अक्षर चांगलं, त्यांनाच बसवलं."

"आणि सगळीकडे चारच का? पाच का नाही?"

"मालक तिथंच उभा होता ना सर. पाच दिले असते तर त्याला डाऊट आला असता!"

मी त्याला पास केलं. सॅम्पलिंगमध्ये शून्य दिले, निरीक्षणात पैकीच्या पैकी.

* * *

इंडस्ट्रियल व्हिजिटचं तसंच. वर्षातून एकदा बस करून पोरांना एखादी फॅक्टरी दाखवायची, मग त्यांनी रिपोर्ट लिहायचा. त्या वर्षी गेटवर सेफ्टी ऑफिसरनं पोरांच्या पायांकडे पाहिलं. चाळीस जणांत सतरा चपला! सतरा जण कँटीनमध्ये बसून राहिले, भजी खाल्ली आणि त्यांनी रिपोर्टात 'कामगार कल्याण सुविधा' यावर चार-चार पानं लिहिली.

पण सगळ्यात चांगला रिपोर्ट मागच्या बाकावरच्या एका मुलीचा होता. कुठली मशीन कधी बंद पडते, कुठल्या शिफ्टला पाण्याची बोंब असते, सुपरवायझर कोणाला घाबरतात, सगळं होतं त्यात. मी खूश झालो. मग हजेरी पाहिली तर बाई बसमध्येच नव्हत्या.

"अगं, तू तर आलीच नव्हतीस!"

"नाही सर. माझे पप्पा तिथं बावीस वर्षं आहेत. रोज जेवताना व्हिजिट असते आमची."

मला जरा लाजच वाटली. आम्ही दोन तास फिरून मॅनेजरच्या हातचं बिस्कीट खाऊन आलो होतो.

* * *

तिसऱ्या वर्षी गुप्ते मॅडम मॉक इंटरव्ह्यू घेतात. म्हणजे खोटी मुलाखत, खऱ्याची सवय व्हावी म्हणून. मॅडम समोर बसतात आणि अचानक इंग्रजीत शिरतात. पोरं घामाघूम!

त्यांचा लाडका प्रश्न म्हणजे पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? मयूर नावाचा एक मुलगा होता, अभ्यासात बेताचा. त्यानं क्षणभरही विचार केला नाही.

"शेलूला, मॅडम."

"म्हणजे?"

"स्टेशनपासून दहा मिनिटं. बी विंग, चौथा मजला. पप्पांनी बुक केलंय, ताबा पाच वर्षांनी आहे."

मॅडमनी चष्मा काढला. "आणि बिल्डरनं उशीर केला तर?"

"मग तुम्ही सहा वर्षांनी विचारा मॅडम!"

* * *

मग खऱ्या मुलाखती सुरू झाल्या. इथून पुढे वैशालीचं काही मला गमतीनं बघवेना. पहिली कंपनी आली, इंग्रजीवर अडली. दुसरी आली, त्यांनी ग्रुप डिस्कशन घेतलं. आठ पोरं एकमेकांच्या अंगावर ओरडत होती आणि ही आपली ज्याला बोलू देत नव्हती त्याच्याकडे बघत बसली. तिसऱ्या कंपनीतल्या बाई मात्र गोड हसल्या आणि 'कळवतो' म्हणाल्या. मला वाटलं, झालं काम!

दुसऱ्या दिवशी ठोंबरे कर्जतच्या बाजाराला आले होते, ते कॉलेजातही डोकावले. मी उत्साहानं सांगितलं, कळवतो म्हणालेत.

"कळवतो म्हनले?" ठोंबरे हसले. "मंग नाय, सर. आमी बी नको असल्या स्थळाला असंच सांगतो."

तसंच झालं. फोन आला नाही. परीक्षेला तीन आठवडे उरले आणि नेरळकडच्या एका स्थळाचा निरोप आला, रविवारी बघायला येतो. वैशालीनं मला हे जिन्यात उभं राहून सांगितलं, नोट्स मागाव्यात तशा सुरात. "मुलगा वाईट नाय सर," ती म्हणाली. "पन मला नोकरी करायची होती." मला फार वाईट वाटलं. मला उशीर होतोय असं उगाच तिला सांगून मी तिथून निघालो.

* * *

आता हा शेवटचा. हा मी सहसा कोणाला सांगत नाही, कारण यात माझं शिकवणं कुठेच नाही.

त्याच आठवड्यातली गोष्ट. रविवारी पाहुणे आणि गुरुवारी शेवटची मुलाखत. खालापूरच्या बाजूला एक पुठ्ठ्याची खोकी बनवणारी फॅक्टरी आहे, त्यांना एचआरमध्ये एक ट्रेनी हवा होता. पाच मुलं घेऊन मी गेलो. मॅनेजरसाहेब पुण्याचे, नवेच आलेले. टेबलावर हजेरीचे रंगीत तक्ते. मला कोपऱ्यात खुर्ची दिली.

वैशालीची इंग्रजी पाच मिनिटांत संपली. साहेबांनी फाईल मिटली. रिवाज म्हणून मराठीत विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?"

मॅडमनी सगळ्यांना पढवून ठेवलेलं, की अशा वेळी कंपनीत पुढे संधी काय आहेत ते विचारायचं. वैशालीनं विचारलं,

"सर, शनिवारी माल जायचा हाय का?"

"हो, मोठी ऑर्डर आहे. का?"

"मग शुक्रवारीच भरून घ्या. शनिवारी मानसं येनार नायत."

साहेब हसले. "सगळ्यांना ग्रुपवर मेसेज टाकलाय. सगळ्यांनी अंगठा दिलाय."

"अंगठा दिला असंल सर. पन शनिवारी आमी गाव पाळतोय."

गाव पाळायचं म्हणजे काय, हे तिनं त्यांना समजावून सांगितलं. वर्षातून एक दिवस गावदेवीसाठी ठेवायचा. त्या दिवशी गावातलं कोणी कामाला जात नाही, शिवेबाहेर पाऊल टाकत नाही. दिवस गावच्या बैठकीत ठरतो. आजूबाजूची चार गावं एकाच दिवशी पाळतात आणि फॅक्टरीची बहुतेक माणसं त्या चार गावांतलीच.

"मग आम्हाला कोणी सांगितलं का नाही?" साहेबांनी विचारलं.

"तुमी ग्रुपवर विचारलं नाय सर, नुसतं सांगितलं."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. पुढच्या मुलाला बोलावलं. परतीच्या एसटीत वैशाली खिडकीबाहेर बघत बसली होती.

शनिवारी सकाळी साडेआठला माझा फोन वाजला. पुण्याचे साहेब! आवाज ओळखू येईना.

"अहो सर, नऊ माणसं आलीत! एकशे चाळीसपैकी नऊ! ट्रक दारात उभे आहेत! त्या मुलीला विचारा हो, सोमवारी तरी येतील का? मला वर कळवायचंय."

मी वैशालीला फोन लावला. मागे टाळ-ढोल चालू होते. मी सगळं सांगितलं. मग म्हणाली, "सर, ते मी कसं सांगू? बैठकीचे अध्यक्ष सांगतील. हितंच हायत, देते."

मी म्हटलं बरं. फोन कोणीतरी घेतला. ढोल लांब गेले, दार लावल्याचा आवाज आला.

"बोला सर." ठोंबरे!

मी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. नऊ माणसं, ट्रक, साहेब, सोमवार. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आमच्या पोरीनं हे त्यांना आधी सांगितलं होतं?"

"हो. गुरुवारीच. माझ्यासमोर."

"आन त्यांनी आयकलं नाय?"

"नाही."

मग ठोंबरे घसा खाकरून म्हणाले,

"सर, उद्या नेरळचं पाव्हनं येनार हायत. त्यांना या म्हनू का नको म्हनू, ते आदी त्या सायबाला इचारा. मंग मी सोमवारचं सांगतो!"