यंत्राखालचा दुसरा स्टिकर

रांजणगावच्या एका कारखान्यात मी सहा आठवडे एका सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका लिहीत होतो. त्याआधीची वर्षे शिरूरला, वृत्तपत्राच्या तालुका कचेरीत गेली होती. बातमीतली अनावश्यक वाक्ये कापणे, हे तिथले मुख्य काम.

सॉफ्टवेअर साधे होते. कंपनीच्या प्रत्येक कॉम्प्युटरला, प्रिंटरला, स्कॅनरला एक नंबर दिलेला होता आणि तो बारकोडच्या स्टिकरवर छापून यंत्राच्या दर्शनी बाजूला चिकटवलेला होता. नंबर टाइप केला किंवा स्टिकर स्कॅन केला, की यंत्र कोणते, कोणाच्या ताब्यात, कोणत्या विभागात आणि त्याची वॉरंटी कधीपर्यंत, हे पडद्यावर दिसे.

प्रत्यक्षात कोणी नंबर टाइप करत नसे. सगळे आयटी विभागातल्या ताईंना फोन करत. ताई अकरा वर्षे तिथे होत्या. रोज दौंडहून एसटीने शिरूर आणि शिरूरहून कंपनीच्या बसने रांजणगाव असा त्यांचा प्रवास होता. त्या वर्षी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. घरी दिवसभर त्यांच्यापाशी बसणारे कोणी नव्हते. कंपनीचे एक गोदाम दौंडला, ताईंच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथली बदली मंजूर झाली होती, पण एका अटीवर. ताईंना न विचारता, केवळ पुस्तिका वाचून, नवख्या माणसाला यंत्र शोधता आले पाहिजे. तोवर त्यांना सोडणार नव्हते.

म्हणून मी त्यांच्यामागे वही घेऊन फिरत होतो. फोन आला, की त्या आधी विचारत, "कुणाच्या टेबलाचं?" मग कुठेही न बघता नंबर सांगत. दोनदा मी ताडून पाहिले. दोन्ही वेळा नंबर बरोबर होता.

पहिला मसुदा त्यांनी बसमध्ये वाचला आणि सकाळी माझ्या टेबलावर ठेवला.

"खंडेनवमी कुठंय?" त्यांनी विचारले.

खंडेनवमीचा मजकूर मी कापला होता. त्यांनी सांगितलेली हकीकत अशी : त्या दिवशी कारखान्यात मोठ्या मशीनची पूजा जागेवर होते, पण प्रिंटर आणि स्कॅनर उचलून कँटीनच्या बोळातल्या लांब टेबलावर मांडतात. झेंडूचे हार घालतात, हळदकुंकू वाहतात. कुंकवाचे बोट हमखास पांढऱ्या स्टिकरवर टेकते, कारण यंत्राचे कपाळ तेच, असे सगळ्यांना वाटते. स्टिकर मग स्कॅन होत नाही. पुसला तर छपाईही जाते, आणि वाहिलेले कुंकू पुसायला कोणी धजावत नाही. शिवाय परत नेताना ज्याच्या हाताला जे लागेल, ते तो उचलतो.

ताईंनी कोणाशी वाद घातला नव्हता. एका दिवाळीच्या सुट्टीआधी दोन दिवस काम संपल्यावर थांबून त्यांनी प्रत्येक यंत्राच्या खालच्या बाजूला त्याच नंबरचा दुसरा स्टिकर चिकटवला होता. याची कुठेही नोंद नव्हती.

"हे पुस्तिकेत विचित्र दिसेल," मी म्हणालो. "मुख्य कार्यालयातले वाचतील."

"वाचू द्या की. त्यांना काय करायचंय, ते बसल्या जागी वाचणार. माणूस उभा राहणार मशीनपाशी, लाल स्टिकर बघत. त्यानं काय करायचं? मला फोन?"

त्या शेवटच्या प्रश्नात त्यांची बदली होती. मी कापलेला मजकूर परत घेतला आणि चार वाक्ये लिहिली. 'खंडेनवमीनंतर पडद्यावरची जागा खरी धरू नये. दर्शनी स्टिकर वाचता न आल्यास यंत्र तिरपे करून खालचा स्टिकर वाचावा. डिस्पॅचमधील यंत्र न सापडल्यास प्रथम स्टोअरमध्ये पाहावे, कारण पूजेच्या टेबलावर या दोन विभागांची यंत्रे शेजारी असतात. सापडल्यावर नवी जागा नोंदवावी.' ताईंनी वाचून फक्त एक बदल केला. 'तिरपे करून' याच्या आधी 'वायर काढून' घातले.

चाचणी दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी झाली. पुण्याच्या मुख्य कार्यालयातून आलेल्या अधिकाऱ्यांनी यादीतून डिस्पॅचच्या एका प्रिंटरचा नंबर निवडला. शोधायला गेटवरचे सुरक्षारक्षक आले. केंदूरचे, पन्नाशीचे. त्यांना सगळे मामा म्हणत. ताईंना खुर्चीतून उठायची आणि बोलायची मनाई होती.

मामांनी चष्मा लावला, एका बोटाने नंबर टाइप केला. पडद्याने डिस्पॅच सांगितले. आम्ही डिस्पॅचला गेलो. प्रिंटर होता, पण स्टिकर कुंकवाने माखलेला. हातातला बारकोड स्कॅनर गप्प.

"आन् आता?" मामांनी माझ्याकडे पाहिले. मी उत्तर देणार नव्हतो. त्यांनी पुस्तिका उघडली, ओठ हलवत वाचली, वायर काढली, प्रिंटर तिरपा केला. खालच्या स्टिकरवरचा नंबर वेगळा निघाला.

"ह्यो न्हाई," ते म्हणाले, आणि पुन्हा पान वाचू लागले. मग हसले. "व्हय की. ह्यो डिस्पॅचवाल्यांनी मला टेबलावरनं उचलायला लावल्याला. म्यांच आणून ठिवलाय हितं."

स्टोअरमध्ये हवा तो प्रिंटर सापडला. मामांनी दोन्हींच्या जागा पडद्यावर बदलल्या. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिले आणि चार वाक्यांचे ते पान पुन्हा वाचले.

"हे कुणी सुचवलं?"

मामांनी पुस्तिकेनेच आयटी विभागाची दिशा दाखवली.

ताई महिनाअखेर दौंडला गेल्या. पुढे एकदा मी त्यांना फोन करून विचारले, रांजणगावचे फोन अजून येतात का?

"एकच आला," त्या म्हणाल्या. "मामांचा. म्हणाले, 'ताई, स्कॅनर सापडला. तुम्हाला विचारायचं न्हाई, नुस्तं सांगायचं हुतं.'"

आतून सासूबाईंनी हाक मारली. ताईंनी फोन ठेवला.