बोर्ड ऐकणारा माणूस

म्हैसूरच्या हेब्बाळ भागातल्या त्या कारखान्यात नवा बोर्ड आला की तो आधी श्रीकंठच्या टेबलावर जायचा. दवाखान्यात रुग्णाच्या उशाशी ठेवायची, नाडी आणि श्वास दाखवणारी यंत्रं तिथे बनत. यंत्राच्या पोटात तळहाताएवढा हिरवा बोर्ड असे आणि त्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली चढवून तो पहिल्यांदा चालू करणं, हे श्रीकंठचं काम. नव्या बोर्डाला पडदा नाही, बटणं नाहीत. त्याला तीन बारीक तारा जोडायच्या आणि तो काय बोलतो ते आपल्या संगणकावर वाचायचं. श्रीकंठ दिवसचे दिवस बसून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बांधायचा, लागणाऱ्या फायली मेमरी कार्डावर उतरवायचा, कार्ड बोर्डात सारून वीज द्यायचा. पांढऱ्या अक्षरांची पहिली ओळ उमटली की सगळे त्याच्या खुर्चीमागे जमत. "झालं बारसं!" असं त्याचा साहेब पूवय्या ओरडायचा आणि सगळ्यांना कॉफी मागवायचा. पूवय्या कोडगूचा, आवाज मोठा. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलेले, दुपारचा डबाही एकत्रच खायचे.

चाळिशी ओलांडली आणि श्रीकंठला तिन्हीसांजेनंतर दिसेनासं झालं. देवराज मार्केटमध्ये एका फुलवालीच्या टोपलीत पाय गेला, तिनं उद्धार केला. मग दिवसाही बाजूचं दिसेना, फक्त समोरचं, तेही नळीतून पाहिल्यासारखं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. हे घराण्यातून येतं, यावर औषध नाही, हळूहळू सगळंच जाईल. श्रीकंठचे मामा असेच पन्नाशीत आंधळे झाले होते. ते दिवसभर ओसरीच्या खांबाला टेकून बसायचे आणि कुणी आलं की आधी "कोण?" म्हणायचे. श्रीकंठला रात्ररात्र तो "कोण?" ऐकू यायचा.

बायकोला, नागरत्नाला, त्यानं सांगितलं. ऑफिसात मात्र चकार शब्द काढला नाही. पडद्यावरची अक्षरं मोठी केली. जिने, दारं, टेबलांचे कोपरे पायांना पाठ होते.

त्या पावसाळ्यात नव्या यंत्राचे नमुन्याचे दोनच बोर्ड आले. श्रीकंठ तारा जोडायला बसला. बाहेर आभाळ भरून आलेलं, खोलीत उजेड कमी. बोर्डाचं बोलणं संगणकाकडे नेणाऱ्या त्या तीन तारांच्या जोडीला चौथी एक लाल तार असते. तिच्यातून वीज येते, म्हणून ती मोकळीच सोडायची. त्याच्या बोटांनी काळी समजून नेमकी तीच उचलली. वीज दिली. पडद्यावर काहीच उमटलं नाही. थोड्याच वेळात करपल्याचा वास आला.

शेजारच्या टेबलावरून तबस्सुम उठून आली. बोर्डावरची सगळी जोडाजोड आणि कथलाचा डाग देणं तिच्याकडे असे. तिनं एकदा बोर्डाकडे पाहिलं, एकदा श्रीकंठच्या तोंडाकडे. तो बोर्डाच्या भलत्याच कोपऱ्यावर नजर लावून बसला होता. तिनं गुपचूप लाल तार उपसून काढली.

तेवढ्यात पूवय्या आलाच. "कसला वास? काय जाळलंत?"

"माझा डाग कच्चा राहिला होता, सर," तबस्सुम म्हणाली. "चिप गेली."

"दोनच बोर्ड आहेत आणि डाग कच्चा? लक्ष कुठं असतं तुझं? लग्नाच्या साड्यांत?"

खोलीतले दोघंतिघं हसले. तबस्सुम खाली मान घालून उभी राहिली. श्रीकंठ जळका बोर्ड चाचपत बसून राहिला.

घरी त्यानं नाचणीचे मुद्दे आणि सारूच्या ताटाला हात लावला नाही. "अहो, निवतंय ते," नागरत्ना म्हणाली.

"माझ्या वाट्याची बोलणी आज दुसऱ्याच्या पोरीनं खाल्ली," तो म्हणाला, "आणि मी बसून ऐकली."

नागरत्नानं सगळं विचारून घेतलं. मग ताट झाकून ठेवत म्हणाली, "उद्या सांगून या. नोकरी गेली तर जाऊ दे. पण असं लपतछपत नका जगू, मलाही आता धाप लागते."

सकाळी त्यानं पूवय्याला सांगितलं, तबस्सुमच्या देखत. डोळ्यांचं, मामांचं, लाल तारेचं. पूवय्या एकदम भडकला.

"रोज माझ्यासमोर बसून जेवतोस, गड्या! आणि हे मला आज कळतं? मी काय परका?"

"तू मला हात धरून फिरवलं असतंस. ते नको होतं."

"मग आता काय करू, ते तूच सांग. हे यंत्र माणसाच्या उशाशी बसतं."

"म्हणून तर जातोय," श्रीकंठ म्हणाला.

पूवय्यानं त्याला थांबवलं नाही. तबस्सुमची मात्र त्यानं सगळ्यांसमोर माफी मागितली. श्रीकंठला गाडीत बसवायला तो फाटकापर्यंत आला.

घरी पहिले महिने फार वाईट गेले. श्रीकंठ खिडकीशी बसून राहायचा आणि पाऊल वाजलं की "कोण?" विचारायचा. एकदा स्वतःच्याच तोंडून तो शब्द ऐकून दचकला. दुसऱ्या दिवशी नागरत्नाला म्हणाला, "मला अंधांच्या शाळेत घेऊन चल." तिथे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम शिकवत. त्याच्याहून निम्म्या वयाची मुलं तो आवाज इतका भरधाव लावत की त्याला नुसती भुणभुण ऐकू येई. तो चिडायचा, घरी येऊन रुसायचा, पुन्हा जायचा.

ऐकता ऐकताच त्याच्या मनात आलं, बोर्ड तरी दुसरं काय करतो? चित्र नाही, रंग नाही. एकामागून एक ओळी सांगत जातो.

जुना एक सरावाचा बोर्ड कपाटात होता. त्यानं कर्नल बांधायला घेतला, आज्ञा टंकायच्या, उत्तर कानानं घ्यायचं. कार्ड तयार झालं. राहिल्या तारा. तिथे हात थांबला. दोन दिवस त्यानं कार्ड खिशात वागवलं, मग तबस्सुमला फोन केला. याआधी आयुष्यात त्यानं कुणाला "येशील का, मला जमत नाही" म्हटलं नव्हतं.

रविवारी ती आली. तारांचं टोक तिनं एकाच बाजूनं बसणाऱ्या खोबणीत पक्कं केलं. लाल तार पकडीनं मुळापासून तोडली. "आता अंधारात लावा की झोपेत, सर. चुकायचं म्हटलं तरी चुकणार नाही."

"तबस्सुम, त्या दिवशी..."

"राहू द्या ना. आधी वीज द्या."

त्यानं वीज दिली. आवाज बोलू लागला. मेमरी किती, प्रोसेसर कोणता, कार्ड सापडलं. श्रीकंठ मान खाली घालून एकेक ओळ ऐकत होता. मग आवाज थांबला. शेवटची ओळ म्हणाली, मुख्य फायली सापडत नाहीत. त्यानं मागच्या ओळी पुन्हा लावल्या. बोर्ड या कार्डाला दुसऱ्या क्रमांकानं ओळखत होता, श्रीकंठनं सवयीनं पहिला लिहिला होता. तेवढं दुरुस्त करून पुन्हा वीज दिली. ओळी सुरू झाल्या, थांबल्या नाहीत आणि शेवटी बोर्डानं नाव विचारलं, म्हणजे तो पुरता चालू झाला होता.

नागरत्ना पदराला हात पुसत बाहेर आली. "कुणाशी बोलताय?"

श्रीकंठ रडत होता. तबस्सुमनंच तिला सांगितलं.

तबस्सुमनं पूवय्यालाही सांगितलं असणार, कारण त्याच आठवड्यात तो घरी आला. आल्या आल्या म्हणाला, "कर्नल तू बांध. बोर्डाला हात तबस्सुम लावेल. तू नाही. यावर मी वाद घालणार नाही." ही अट श्रीकंठच्या जिव्हारी लागली. तरी त्यानं ती मानली आणि उगादीनंतर, म्हणजे पाडवा झाल्यावर, पुन्हा कामाला लागला. पण तबस्सुम तारा जोडत असली की त्याची बोटं टेबलाखाली हलत, हे तिला दिसे.

दोन वर्षांत उरलेली नजरही गेली. नेमकी कोणत्या दिवशी, ते त्यालाही सांगता येत नाही. त्याच वर्षी ती यंत्रं दवाखान्यांत लागली.

परवा नव्या यंत्राचा बोर्ड आला. तबस्सुमनं खोका फोडला. श्रीकंठ शेजारी बसला होता.

"हिरवाच ना?" त्यानं विचारलं.

"नाही सर. काळा आहे."

"काळा? हा कुणाचा शहाणपणा?"

"पूवय्या सरांचा. ऐटदार दिसतो म्हणाले."

"दिसतो म्हणे!" श्रीकंठ म्हणाला आणि मोठ्यानं हसला. मग त्यानं टेबलावर तळहात उताणा ठेवला. तबस्सुमनं वीज काढलेली आहे याची खात्री केली आणि बोर्ड त्याच्या हातावर ठेवला.