आज फक्त ब्रेक

आमच्या कलकत्त्यातल्या डमडमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काकू राहतात. काका बँकेच्या बदलीवर इथे आले होते. ते वारले, तरी काकू पुण्याला परतल्या नाहीत. त्यांच्या जुन्या लाल गाडीचं इंजिन पूर्ण उघडायला हवं, असं मेकॅनिक दर वेळी सांगायचा आणि काकू हात वर करून त्याला थांबवायच्या. "आज सिर्फ ब्रेक." पुढच्या खेपेला, "आज सिर्फ बेल्ट." मी एकदा मोठ्या कामाचं सुचवलं, तर म्हणाल्या, "तुम्हाला कधी धक्का मारायला बोलावलंय का?" बोलावलं होतं.

यंदा मुलगा आला. गाडी विकून आईला पुण्याला न्यायचं त्याने ठरवूनच टाकलं होतं. गिऱ्हाईक विश्वकर्मा पूजेच्या सकाळी येणार होतं आणि संध्याकाळी दोघांचं विमान होतं.

आदल्या दिवशी काकू एकट्याच जाऊन गाडी गॅरेजला सोडून आल्या. पूजेच्या सकाळी त्या पुन्हा तिकडे गेल्या, तेव्हा हे कळल्यावर मुलगा मला घेऊन मागोमाग धावला. इंजिनाचे सुटे भाग चादरीवर मांडलेले होते आणि शेजारी हत्तीवर बसलेल्या विश्वकर्म्याची मूर्ती होती. आज अवजारांची पूजा, कलकत्त्यात कोणी पान्याला हात लावणार नाही, असं मेकॅनिकने हसत सांगितलं. काकू खुर्चीत बसून प्रसादाची खिचडी खात होत्या.

"आई, हे काय केलंस?"

"मोठं काम काढलंय. महिनाभर गाडी हलत नाही," काकू म्हणाल्या. "तू मात्र विमान चुकवू नकोस."