धुराचा पंखा की पट्ट्याचा

ब्रेक लागत नव्हता. मालकांनी दोन्ही पाय पेडलवर रोवले होते, सीटवरून अर्धे उठले होते, तरी गाडी दौलताबादच्या घाटात खाली पळत होती. वळणापुढं तो जुना दगडी दरवाजा, ज्यातून एका वेळी एकच गाडी जाते, आणि त्यात खालून एक टेम्पो शिरलेला. आमच्या डिकीत पेरूची पोती. मागच्या सीटवरून आमची लेक ओरडत होती, "बाबा, चावी! चावी फिरवा!" मालकांना ऐकू जात होतं की नाही कोण जाणे. त्यांचं तोंड पिठासारखं पांढरं पडलं होतं. पीठ मी जन्मभर पाहिलंय, म्हणून सांगते.

मालक म्हणजे माझा नवरा. मुकुंदवाडीत आमची पिठाची गिरणी होती. मी चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळं दळण कुणाचं, ज्वारी की गहू, हे डब्यावर खडूनं लिहायचं काम माझं, आणि गिरणी चालवायचं मालकांचं. पुढं त्यांना पिठानं धाप लागायला लागली, डॉक्टरांनी गिरणी बंद करायला लावली. मग त्यांच्या हाताखाली फिरणारं एवढंच एक राहिलं, ही जुनी पेट्रोलची गाडी. दर रविवारी घाटावरच्या आमच्या शेताकडं ती न्यायची आणि संध्याकाळी आणायची. बाकी सहा दिवस ते खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्यांना नावं ठेवत.

पण गाडी म्हातारी झाली होती. घाटात चढताना धापा टाकायची. शेवटी शेवटी तर चढ लागला की मालक गाडी थांबवायचे आणि म्हणायचे, "उतरा दोघी." मग मी आणि लेक, पदर खोचून, गाडीमागून चालत घाट चढायचो. किल्ला बघायला आलेली माणसं गाडीतून हात करायची. लेक वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनाचे भाग बनवायच्या खात्यात आहे, बजाजनगरला राहते. एका रविवारी त्या दगडी दरवाजाला टेकून ती म्हणाली, "बाबा, ही विका आता. नवी घेऊ."

"मला विक आधी," मालक म्हणाले.

"तुम्हाला कोण घेतंय?"

तीही हसली, तेही हसले, पण विकायचा विषय तिथंच संपला. मग तिनं दुसरी वाट काढली. इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र बसवायचं, म्हणजे जोर वाढतो. परवानगीचं वगैरे तिनंच बघितलं. प्रश्न राहिला तो यंत्र कोणतं घ्यायचं याचा. दोन प्रकार असतात, टर्बोचार्जर आणि सुपरचार्जर. मालकांना टर्बो पाहिजे होता, कारण ट्रकांच्या पाठीवर तोच शब्द लिहिलेला असतो. लेकीला दुसरा पाहिजे होता. दोघांचं भांडण आठवडाभर फोनवर चाललं आणि पुढच्या रविवारी गॅरेजात गेलं.

गॅरेजचा मिस्त्री शांत माणूस. दोघांचं ऐकून ऐकून कंटाळला आणि माझ्याकडं वळला. "अम्मा, तुम बोलो. कौनसा बिठाऊं?"

मी म्हटलं, "आधी समजावून सांग. मग बोलते."

त्यानं सांगितलं. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. धूर तसाही वाया जातो, त्याच्याकडूनच काम करून घ्यायचं. हे मला लगेच कळलं. आमच्या चुलीला वैल होता, म्हणजे बाजूचं दुसरं तोंड. पुढं भाकरी भाजायची आणि त्याच जाळावर मागं वैलावर आमटी ठेवायची, वेगळं सरपण लागत नाही. फक्त वैल उशिरा तापतो. "अगदी तसंच, आई," लेक म्हणाली. "टर्बोला पण दम लागतो. पाय दाबला की लगेच जोर येत नाय."

सुपरचार्जर म्हणजे पट्ट्यावरचा पंखा. इंजिनच पट्ट्यानं त्याला फिरवतं, गिरणीची मोटर जातं फिरवायची तसं. जोर लगेच मिळतो, पण इंजिनाचं थोडं बळ तोच खातो. पेट्रोल जास्त लागतं.

मला वैलच बरा वाटला. फुकटच्या जाळावर होतंय तर का नको? पण लेक म्हणाली, "टर्बोचं एक पथ्य असतंय. चढ चढून आला की लाल तापलेला असतोय. गाडी उभी करून इंजिन जरा चालू ठेवायचं, मग बंद करायचं. आणि बाबा काय करतात ते तुला माहीत हाय."

माहीत होतं. मालक गाडी पुरती थांबायच्या आत चावी फिरवायचे. हे गिरणीतून आलेलं. जात्यात दाणा संपला की त्याच क्षणी बटण बंद. रिकामी गिरणी फिरू द्यायची नाही, दगडावर दगड घासतो, दोन्ही वाया जातात. इतकी वर्षं कानानं तो शेवटचा दाणा ऐकलेला माणूस. गाडीचंही तसंच. सिग्नलला बंद. दारात बंद. आणि घाट उतरताना तर वरच्या टोकालाच बंद, कारण उतारावर इंजिन चालवणं म्हणजे त्यांच्या लेखी रिकामी गिरणी फिरवणं.

"उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवू?" मालक म्हणाले. "पेट्रोल काय नळाला येतं?"

"नळाला तर पाणीबी येत नाय," मी म्हटलं.

मिस्त्री हसला. मी विचार केला. या वयात हा माणूस बदलणार नाही, मग यंत्र तरी त्याच्या सवयीला धरून घ्यावं. "पट्टा बसव," मी सांगितलं. "पट्ट्याशी त्यांचं जमतं." मालकांना टर्बो मिळाला नाही, पण पट्टा म्हटल्यावर चेहरा खुलला. पट्टा ताणलेला किती असावा यावर ते मिस्त्रीशी तासभर बोलत बसले. गिरणी बंद झाल्यापासून इतकं बोललेले मी बघितले नव्हते.

जोर वाढवला तर ब्रेकही चांगले पाहिजेत म्हणून लेकीनं ब्रेक बदलून घेतले. पाय नुसता टेकवला तरी लागणारे. तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, आता उतारावर इंजिन बंद नाय करायचं." मालकांनी मान हलवली.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं निघालो. चढ लागला, मी सवयीनं पदर खोचला, तर मालक म्हणाले, "बस की गं." गाडी चढली. शिट्टीसारखा बारीक आवाज काढत, मला आणि लेकीला घेऊन, दरवाजातून वर. मालक मान ताठ करून बसले होते. एका ट्रकला त्यांनी मागं टाकलं आणि आरशात त्याचं तोंड बघितलं. लग्नातसुद्धा असे दिसले नव्हते.

दिवसभर पेरू तोडले. परत निघालो, घाटाच्या वरच्या टोकाला आलो, आणि मालकांनी चावी फिरवली. इंजिन बंद. मी बघितलं, मला काही वावगं वाटलं नाही, जन्मभर तेच बघत आले होते. लेक मागं फोनमध्ये होती. पहिल्या वळणावर ब्रेक लागला. दुसऱ्यावर थोडा लागला. मग पेडल दगडासारखं झालं, आणि लेक ओरडायला लागली.

मला गाडी येत नाही. पण चावी कुठं असते आणि कुठल्या बाजूला फिरते हे शेजारी बसून बसून पाठ झालं होतं. मी हात घातला आणि फिरवली. इंजिन घुरघुरलं, चालू झालं, आणि मालकांच्या पायाखालचं पेडल एकदम खाली गेलं. गाडी किंचाळत थांबली. पुढं दरवाजाची भिंत होती, हात बाहेर काढला असता तर लागली असती. एक पोतं फुटून पेरू डिकीभर सांडल्याचा आवाज झाला.

टेम्पोवाल्यानं काचेतून डोकं काढलं. "क्या चाचा, झूला खेल रहे क्या?"

मालक लेकीला म्हणाले, "तू ब्रेक वाईट बसवलेस."

"ब्रेक चांगले हायेत बाबा. जुने नुसत्या पायाच्या बळावर लागायचे, हे इंजिनाच्या जोरावर लागतात. इंजिन बंद केलं की त्यांचा जोर जातोय. सांगितलं होतं ना, उतारावर बंद करायचं नाय."

"ते टर्बोचं होतं. आपण दुसरा बसवला. म्हणूनच तर बसवला."

लेकीचं ते उताराचं सांगणं मालकांनी टर्बोच्या पथ्यात धरलं होतं, आणि खरं सांगायचं तर मीही. ती हसायला लागली आणि मग रडायला लागली. तेव्हा मालक मागं वळले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

टेम्पो मागं सरकला. मालकांनी चावी काढून तिच्यापुढं धरली. "घे. झालं माझं."

मला वाटलं, आता ही गाडी विकणार आणि हा माणूस सातही दिवस खिडकीत बसणार. लेकीनं नाक पुसलं. "उतारापुरती घेते," ती म्हणाली. "चढाला मला तो पट्ट्याचा आवाज समजत नाय. चढ तुमचा, उतार माझा."

तेव्हापासून तसंच चाललंय. घाटाच्या वरच्या टोकाला गाडी थांबते, दोघं जागा बदलतात. उतरताना मालक पाय गाडीच्या तळावर दाबून बसतात आणि प्रत्येक वळणाला पुटपुटतात, "रिकामी फिरतीय, रिकामी." लेक ऐकून घेते. पेरूंचं एक पोतं आता मागच्या सीटवर असतं, मी त्याला टेकून बसते.

त्या दिवशी गाडीत आम्ही तिघं होतो, मालक, लेक आणि मी. तिघंही जिवंत आहोत.