सालोमीबाई आणि तीन तोळ्यांचा नवस

तारीख ९ नोव्हेंबर १९८६, रविवार. रक्कम तीन तोळे चांदी. हजर माणसं चार: मी, माझी बायको शांता, आमची मुलगी रूथ आणि सालोमीबाई. रक्कम आधी सांगतो, कारण त्या दुपारी आमच्या घरात जे झालं ते तिच्यावरूनच झालं. तीन तोळे चांदी ही माझ्या मुलीची किंमत होती, आणि ती सालोमीबाईंनी पवित्र शास्त्रातून वाचून दाखवली होती.

शांता उठून उभी राहिली. "तीन तोळे? आवो बाई, बेल्याच्या बाजारात बकरी याच्याहून महाग भेटते!"

बाईंचं बोट ओळीवरून हललं नाही. ही त्यांची सवयच होती. ज्या वचनावर उजव्या हाताचं बोट ठेवलं, ते पुरतं कळेपर्यंत ते तिथून उठत नसे. चहा आला तर डाव्या हाताने घेत, डास बसला तर डाव्या हाताने मारत. त्या शांतपणे म्हणाल्या, "बकरीचा भाव पुढच्या वचनायत हाय, शांता. आंधी मानसाचं पुरं होऊ दे."

एरवी मी हसलो असतो. पण रूथ खाटेवर दोन गोधड्या पांघरून कुडकुडत होती, आणि शांताचं लक्ष पुस्तकापेक्षा त्या गोधड्यांकडे होतं.

सालोमीबाई आदिलाबादच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या. वडील निजामाच्या वेळी तहसिलीत पेशकार होते, म्हणून बाईंचं सुरुवातीचं शिक्षण उर्दूत झालं. पुढे आंध्र प्रदेश झाल्यावर नोकरीसाठी तेलुगू शिकल्या. चाळिशी उलटल्यावर टपालाने इब्री, म्हणजे हिब्रू, भाषेचा अभ्यासक्रम केला. कौतुक केलं की म्हणत, "त्याच्यात काय? उजवीकडून डावीकडं वाचाची मले लहानपनापासून सवय. इब्रीत नवसाले नेदेर म्हंते, उर्दूत नज्र. एकाच घरच्या भयनी." रविवारी उपासनेनंतर त्यांच्या ओसरीवर आम्ही आठ-दहा जण बसत असू. कोणी काही शंका काढली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "हे तू ऐकलं का वाचलं?" ऐकलं असं कोणी म्हटलं की पुस्तक त्याच्याकडे सरकवत. "मंग मागचं न् पुढचं वाच. आंधी पुरं वाचाचं, मंग भ्याचं."

त्यांचा एक प्रसंग सांगायलाच हवा. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एका कापसाच्या व्यापाऱ्याने एकदा सांगितलं की श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा सुईच्या नाकातून उंट जाणं सोपं, असं जे वचन आहे, त्यातली सुई खरी सुई नव्हे. यरुशलेमेत त्या नावाचा एक ठेंगणा दरवाजा होता, आणि उंट गुडघे टेकून त्यातून जात असे. सगळ्यांना बरं वाटलं. बाईंनी विचारलं, "तो दरवाजा कोनाले सापडला? खोदणारायनं आख्खं शहर उकरलं, त्यायले नाही भेटला. त्या काळच्या लिखाणात नाही. हा दरवाजा श्रीमंतायच्या सोयीसाठी मागून बांधला, शेटजी. उंट उंटच हाय न् सुई सुईच." शेटजी पुढचे दोन रविवार आले नाहीत. बाहेरचा पुरावा बाईंना हवा असे, पण वचन मऊ करायला नव्हे. मी कापसाच्या जिनिंग कारखान्यात हिशेब पाहतो. आकडा आपल्या बाजूने ओढणारी माणसं मी रोज बघतो. बाई त्यातल्या नव्हत्या, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास होता. आणि त्या नोव्हेंबरात मला भीती वाटत होती तीही याचीच. आमच्यासाठी त्या कुठलाही दरवाजा बांधणार नव्हत्या.

आमची अडचण अशी होती. रूथ चार वर्षांची असताना तिच्या डोक्यात ताप गेला. सरकारी दवाखान्यात पाच दिवस ती शुद्धीवर नव्हती. सहाव्या दिवशी सकाळी शांताने खाटेची कड धरून नवस केला, "ही जगली त तुलेच देऊन टाकतो, देवा." मी शेजारी उभा होतो. शांता भीमपूरकडची, हिंदू घरातली. लग्नानंतर मंडळीत आली. तिच्या माहेरी नवस नारळाचा, फार तर बोकडाचा असायचा, पण तो फेडल्यावाचून कोणी राहायचं नाही. देव बदलला, नवसाचा धाक तोच राहिला. रूथ बरी झाली. तिला देवाला देणं म्हणजे नेमकं काय, हे आम्ही दोघांनी कधी एकमेकांना विचारलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी रूथचं लग्न ठरलं. मुलगा मंचेरियलचा, कोळसा खाणीच्या कार्यालयात कारकून. जानेवारीतली तारीख निघाली. ऑक्टोबरात बाहेरगावचा एक प्रचारक आला. मंडपात त्याने बायबलच्या शास्ते पुस्तकातल्या इफ्ताह या सेनापतीवर प्रवचन केलं. लढाईला जाताना इफ्ताह नवस करतो की जिंकून आलो तर माझ्या घरातून जे पहिलं बाहेर येईल त्याचा होम करीन. जिंकून येतो, तर एकुलती एक मुलगी डफ वाजवत सामोरी येते. तो नवस फेडतो. प्रचारक म्हणाला, "त्याने शब्द फिरवला नाही. तुमच्यापैकी कोणी फिरवला आहे?"

त्या दिवसापासून शांता जेवेना. लग्न मोडा, पोरीला सिस्टरांच्या आश्रमात पाठवा, असा तिने हट्ट धरला. आणि नोव्हेंबर लागताच रूथला थंडी वाजून ताप आला. शांता मला म्हणाली, "पाहा. आला मागाले."

रूथने ते ऐकलं. "माय, मले देऊन टाकतानी मले कोनं इचारलं होतं का?"

"तू चार वर्सांची होती वो."

"मंग आता इचार ना."

शांताने विचारलं नाही. तिने तोंडात पदर कोंबला. मी सालोमीबाईंना बोलावून आणलं.

बाईंनी बायबलच्या लेवीय पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय काढला. माणसाचा नवस केला तर त्याच्या बदली रुपं, म्हणजे चांदी, द्यावं, असं तिथे लिहिलं आहे. वयाप्रमाणे शेकेल ठरलेले आहेत; शेकेल हे तिथलं चांदीचं वजन. वीस ते साठ वर्षांच्या पुरुषाचे पन्नास, बाईचे तीस. पाच ते वीसपर्यंतच्या मुलाचे वीस, मुलीचे दहा. महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत मुलाचे पाच, मुलीचे तीन. नवसाच्या वेळी रूथ चारची होती, म्हणून तीन. शेकेल केवढा? जुनी दगडी वजनं खोदकामात सापडली आहेत, ती साधारण सव्वाअकरा ते साडेअकरा ग्रॅम भरतात. आपला तोळा त्याहून किंचित जड. मी कागदावर मांडलं: तोळ्याने दिलं तर तिन्ही तोळ्यांत मिळून फार तर सव्वा ग्रॅम जास्त जात होतं, कमी जात नव्हतं. मला हायसं वाटलं. शांताला नाही. ती बकरीवर आली ती त्यामुळेच. इतक्या स्वस्तात सुटका म्हणजे कुठे तरी फसवणूक आहे, असं तिला वाटत होतं.

खाटेवरून रूथ म्हणाली, "बाई, पोराचे पाच न् पोरीचे तीन काऊन?"

"बेल्यात निंदनाले बाईले किती देते न् गड्याले किती?"

"बाईले कमी."

"तसंच. हा जिवाचा भाव नाही, कामाचा हाय. त्या काळच्या बाजारातला." बाईंचं बोट तिथेच होतं. "असं मी सांगतो खरं. पन देवाच्या पुस्तकात बाजाराचा भाव काऊन आला, हे मलेबी टोचते, पोरी. त्याचं उत्तर माह्यापाशी नाही."

मग शांताने खरा प्रश्न विचारला. "तीन तोळ्यात सुटका होते, तर इफ्ताहाची पोर काऊन मेली?"

बाईंचं बोट प्रथमच उचललं गेलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मले आठ दिवस दे," त्या म्हणाल्या.

शांताने माझ्याकडे असं बघितलं की जणू निकाल लागला. जाताना बाई दारात मला म्हणाल्या, "भाऊ, पोरीचं रक्त तपासा. गोळी खाणं म्हंजे अविश्वास नाही." सोमवारी तपासलं, मलेरिया निघाला. गोळ्या सुरू झाल्या. ताप एक दिवस उतरे, एक दिवस चढे. चढला की शांता म्हणे, "बाईलेबी उत्तर नाही भेटलं." उतरला की काहीच म्हणत नसे. त्या आठवड्यात जिनिंगमध्ये माझ्या दोन बेरजा चुकल्या. मंचेरियलहून व्याह्यांचा निरोप आला की पत्रिका छापायला टाकू का. मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. सालोमीबाईंच्या ओसरीवरून जाताना त्या तीन पुस्तकं उघडी टाकून बसलेल्या दिसत. मी हाक मारत नसे. उत्तर वाईट असलं तर ते रविवारच्या आधी मला नको होतं.

रविवारी बाई आल्या. बसायच्या आधीच म्हणाल्या, "शांता, गोड करून सांगत नाही. कोनी म्हंते त्या पोरीले जाळलं नाही, लगन न करता देवाच्या सेवेत ठेवलं. वाक्य तसं ओढता येते. पन मले वाटते, जाळलीच."

 मला बाईंचा राग आला.

"आता पुढचं आयक. आजूबाजूचे राजे तव्हा लढाईसाठी लेकरं बळी देत. इफ्ताह त्यायच्यात वाढला. आपला देवबी तसाच मागनारा, असं त्याले वाटलं. त्या अध्यायात देवानं पोर मागितली असं कुठी लिहिलं हाय? घेतली, खुश झाला, असं कुठी हाय? नाही. मी तीन भाषेत पाह्यलं. त्या पोरीचं नावबी कुठी लिहिलं नाही. आन् सुटकेचा कायदा होता, तो त्यानं कोनाले इचारला नाही. पन मले सगळ्यात मोठं हे दिसलं." त्यांनी शास्तेचा अकरावा अध्याय उघडून बोट टेकवलं. "वाच, शांता. तूच वाच."

शांताने अडखळत वाचलं. देवाचा आत्मा इफ्ताहावर आला. मग पुढचं वचन, इफ्ताहाने नवस केला.

"आंधी काय झालं?"

"आत्मा आला."

"मागून?"

"नवस."

"मदत आंधीच आलती. त्याले भरवसा वाटला नाही, म्हून त्यानं पोरीचा सौदा केला." बाई थोड्या पुढे सरकल्या. "आता तुह्यं सांग. दवाखान्यात. क्रमानं."

शांताने रूथच्या खाटेकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, "आदल्या सांजेलेच तिचं अंग घामानं वलं झालतं. अंगाले हात लावला त गार. मले खरं नाही वाटलं. परत चढंन म्हनलं. म्हून सकाळी..."

 हे मला चौदा-पंधरा वर्षांत माहीत नव्हतं. रूथ खाटेवरून उतरली आणि आईजवळ जाऊन बसली. 

नंतर शांता म्हणाली, मग नवस नाहीच असं धरायचं का. बाईंनी मान हलवली. "शब्द देल्ला तो देल्ला. फेडाचा." शांता म्हणाली, तीस तोळे देते, मनाला बरं वाटेल. बाई जरा चिडूनच म्हणाल्या, "तीन लिहिले त तीन. वरचे सत्ताईस कोनाले देतं? तुह्या भीतीले?" आणि याजक नाही, मंदिर नाही, तर द्यायची कोणाला, असं मी विचारलं तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रूथले इचारा. अजून तिले कोनं काही इचारलं नाही."

आम्ही विचारलं. पहिल्यांदाच.

जानेवारीत लग्न झालं. शांता मांडवातही दोनदा रूथच्या कपाळाला हात लावून बघत होती, हे मी पाहिलं. भीती पुरती जात नाही. पण ती जेवू लागली होती. सालोमीबाई पुढे पाच वर्षं होत्या. शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो, तर पुस्तक छातीवर पालथं ठेवून पडलेल्या. मी विचारलं, पाच आणि तीनचं काही उत्तर मिळालं का. म्हणाल्या, "नाही, भाऊ. टोचूनच राह्यलं. पन पुस्तक काही म्या सोडलं नाही." आठवड्याने गेल्या. रूथ मंचेरियलहून दोन लेकरं घेऊन आली आणि प्रेताजवळ तिने लेवीयमधला तोच अध्याय वाचला. पाळकांना ते विचित्र वाटलं, आम्हाला नाही.

रकमेचं सांगायचं राहिलं. डिसेंबरात शांताने आपले पैंजण सोनाराकडे नेले. तीन तोळे तोडून घेतले, उरलेले परत बांधून आणले. त्या चांदीचे जे आले त्यातून, रूथने सांगितल्याप्रमाणे, दवाखान्याच्या लहान मुलांच्या वॉर्डासाठी मच्छरदाण्या घेतल्या आणि तिथल्या नर्सच्या हाती दिल्या. नर्स तेलुगूभाषी. देणगी कोणाच्या नावाने लिहू, असं तिने विचारलं. मला वाटलं शांता रूथचं नाव सांगेल.

शांता म्हणाली, "एका पोरीच्या नावानं. तिचं नाव पुस्तकात लिहेल नाही."